शनिवारवाड्यातील हाक

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी पुण्यात भुतांच्या फेरीला गेलो होतो. हल्ली अशा फेऱ्या निघतात. आम्ही पंधरा-वीस माणसे होतो आणि पुढे हातात विजेरी घेतलेला एक तरुण वाटाड्या. शनिवारवाडा संध्याकाळी बंद होतो, म्हणून दिल्ली दरवाजापासून निघून आम्ही तटाला बाहेरून वळसा घातला. नारायण दरवाजापाशी वाटाड्याने विजेरी मालवली आणि आवाज खाली आणून सांगितले, "पौर्णिमेच्या रात्री इथे अजून हाक ऐकू येते: काका, मला वाचवा!" शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाचा हात घट्ट धरला.

भुतांवर माझा विश्वास नाही. तरीही त्या अंधारात एक प्रश्न मनात उभा राहिला. दोन-अडीचशे वर्षे आपल्याला एकच हाक का ऐकू येते? त्या दिवशी वाड्यात मेलेला माणूस काही एकटा नव्हता.

प्रथम वेळ पाहू. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणेशोत्सवाचे दिवस. आणि खून रात्री नव्हे, भर दुपारी झाला. पेशवे अवघे अठरा वर्षांचे होते. नोव्हेंबर 1772 मध्ये थोरले माधवराव वारले आणि गादी त्यांच्याकडे आली. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. गारद्यांमध्ये चलबिचल असल्याचे त्या सकाळीच लक्षात आले होते. हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितलेही होते, पण बंदोबस्त वेळेवर झाला नाही. ही गोष्ट अंधाराची नसून, उजेडात दिसत असूनही न पाहण्याची आहे.

आता गारदी कोण, ते पाहू. गारदी म्हणजे कवायती पायदळ. सरदारांना सरंजाम असे, मुलूख असे. गारद्याचे पोट मात्र रोख पगारावर चाले. त्या दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ यांची माणसे वाड्यात शिरली, ती थकलेल्या पगाराची ओरड करीतच. कारखान्याच्या दारात ज्याने आयुष्य काढले आहे त्याला त्या ओरडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु माझे म्हणणे नीट ध्यानात घ्यावे. थकलेला पगार हे खुनाचे समर्थन होऊ शकत नाही. गारद्यांच्या नायकांना पैशाचे आमिष दाखविले गेले होते, कट शिजलेला होता, आणि पगाराची ओरड हा त्या कटाचा बुरखा होता. मात्र बुरखा शोभला, कारण तक्रार लोकांना खरी वाटण्यासारखी होती. ज्या राज्यात शिपायाचा पगार थकतो, तिथे त्याच्या रागाचा सौदा करणारा कोणीतरी भेटतोच. संघटनेला वाव नसला की असंतोष विकला जातो.

मेले कोण? इतिहासकारांनी आकडा अकरा दिला आहे. पेशवे धरून सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर आणि दोन दासी. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचविण्यासाठी आडवा पडला आणि तिथेच तुटला. त्याचे नाव निदान उरले. दासींना आपण फक्त 'दोन' म्हणून ओळखतो. दंतकथेने त्यांना भूत होण्याचाही मान दिला नाही!

पुढे वाटाड्याने 'ध' चा 'मा' सांगितला. आनंदीबाईंनी खाडाखोड केलेला तो कागद कोणाच्या हाती लागलेला नाही. पण गोष्ट इतकी सोयीची, की सारा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर जाऊन बसतो. 1909 साली खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आले आणि त्या दिवसांचे नाट्य घराघरांत पोचले. त्यातली खरी मोठी गोष्ट मात्र रामशास्त्री प्रभुणे यांची. सत्ता रघुनाथरावांच्या हाती असताना त्यांनी धन्याला तोंडावर अपराधी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. त्या न्यायाधीशाचे भूत कोणी दाखवीत नाही, कारण त्याची भीती सामान्य माणसाला वाटत नाही. ती वाटावी सत्ताधाऱ्याला.

त्या दुपारचे परिणामही लांबवर गेले. बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले. ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि 1775 च्या सुरतेच्या तहातून जे युद्ध पेटले ते 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. 1817 मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. 1828 च्या आगीत वाडा जळाला. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष उरले आहेत.

फेरी संपल्यावर मी त्या तरुणाला बाजूला घेऊन हे थोडक्यात सांगितले. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "काका, लोक घाबरायला येतात." मी म्हटले, "मग घाबरव की! त्यांना सांग, की इथे अकरा माणसे मेली आणि आपण दहांना विसरलो." त्याने विजेरी तोंडात धरली, खिशातून वही काढली आणि तो आकडा लिहून घेतला.

पुढच्या फेरीत तो ते सांगतो की नाही, मला ठाऊक नाही. आपण मात्र उद्या त्या तटावरून जाल तेव्हा एका हाकेपाशी थांबू नका. बाकीच्या हाका ऐकू येत नाहीत, कारण त्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत. त्या लिहिणे हे इतिहासाचे काम आहे.