भिक्षु ह्वाइसू यांचें अक्षरलेखन

आठव्या शतकांत, तांग राजवटीच्या काळीं, चीनमध्यें ह्वाइसू नांवाचा बौद्ध भिक्षु होऊन गेला. मद्याची तार चढली कीं मठाच्या भिंती, वस्त्रें, भांडीं, जें पुढें येईल त्यावर तो कुंचल्यानें लिहीत सुटे. लोक त्याला वेडा म्हणत. परंतु या वेडामागील तपश्चर्या पाहा! कागदाला पैसा नव्हता, म्हणून त्यानें केळी लावून त्यांच्या पानांवर अक्षरें गिरविलीं. लिहून लिहून लांकडी फळीला भोंक पाडलें, असें सांगतात. इ. स. ७७७ मध्यें लिहिलेल्या त्याच्या आत्मवृत्ताचा लांबलचक पट तैपेईच्या संग्रहालयांत आहे. त्यांतील सुमारें ७०० अक्षरें आरंभीं संथ चालतात, पुढें वावटळीसारखीं धांवतात. तरीहि जाणत्यास तीं वाचतां येतात. कित्ता ज्यानें मनोभावें गिरविला, त्यालाच तो सोडण्याचा अधिकार!