मोसंबीवरील बुरशीजन्य रोग

मोसंबीच्या झाडावर बागेत आणि तोडणीनंतर फळांवर साठवणुकीत बुरशीमुळे उद्भवणारे रोग. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण तालुका, विशेषतः पाचोड परिसर, आणि शेजारचा जालना जिल्हा हा मराठवाड्यातील मोसंबीचा प्रमुख पट्टा होय. बदनापूर येथे मोसंबी संशोधन केंद्र आहे. २०१२–१३ च्या अवर्षणात या पट्ट्यातील अनेक बागा वाळल्या. तथापि भारी काळ्या जमिनीत झाड पाण्यावाचून जसे मरते, तसेच पाणी साचूनही मरते. आणि हे दुसरे मरण बहुधा उशिरा ध्यानात येते.

डिंक्या

सर्वांत घातक रोग. तो फायटोफ्थोरा या प्रजातीमुळे होतो. आधुनिक वर्गीकरणात ही खरी बुरशी मानली जात नाही. व्यवहारात मात्र तिची गणना बुरशीतच होते. जमिनीलगत खोडाची साल ओलसर, काळपट होते, उभी तडकते व तीतून डिंक पाझरतो. मुळ्या कुजतात, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. मरणापूर्वी झाडास अनेकदा भरपूर फुले व बारीक फळे येतात. हा बहर शुभचिन्ह समजला जाण्याचा संभव असतो.

खोडाला पाणी लागू न देणे हा मुख्य उपाय. त्यासाठी ठिबक सिंचन किंवा दुहेरी आळे पद्धत वापरतात. आतील आळ्यामुळे पाणी खोडापासून दूर राहते. कलमाचा डोळा मातीत गाडला जाता कामा नये. जंभेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास अधिक सहनशील आहे. रोगट साल धारदार चाकूने खरवडून तेथे बोर्डो मलम लावतात. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. लोखंडी भांडे वर्ज्य. मिश्रणात बुडविलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर आल्यास चुना कमी पडला असे समजावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर निरोगी झाडांच्या खोडांनाही हे मलम लावतात.

फळगळ

गळलेले प्रत्येक फळ बुरशीने गळलेले नसते. फळाच्या अंगावर सुईने टोचल्यासारखे छिद्र व भोवती मऊ कुज असल्यास ते रस शोषणाऱ्या पतंगाचे काम होय. तेथे बुरशीनाशकाचा खर्च व्यर्थ जातो. देठाकडून तपकिरी कुज सुरू झाली असेल, तर कोलेटोट्रायकम वा बोट्रिओडिप्लोडिया या बुरशींचा संशय घ्यावा. त्यांचे आश्रयस्थान वाळलेल्या फांद्यांत, म्हणजेच 'सल'मध्ये असते. म्हणून तोडणीनंतर सल छाटून जाळतात व गळलेली फळे वेचून बागेबाहेर नेऊन पुरतात. पावसाळ्यात जमिनीजवळच्या फळांवर मातीचे शिंतोडे उडून फायटोफ्थोराची तपकिरी कुजही होते.

साठवणुकीतील कुज

पेनिसिलियम डिजिटॅटममुळे हिरवी, तर पेनिसिलियम इटालिकममुळे निळी बुरशी येते. दोन्ही सालीवरील जखमेतूनच शिरतात. निळी बुरशी लगतच्या फळांत सहज पसरते आणि शीतगृहातील कमी तापमानातही वाढते. सबब फळे ओढून न तोडता कात्रीने देठासह कापतात, दव वा पाऊस असताना तोडणी टाळतात. एक कुजलेले फळ क्रेटमध्ये राहू देणे महागात पडते. मोकळ्या ढिगाऱ्यात घातलेल्या मालात असे फळ तळाशी दडून बसते.