मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो तेव्हा थंडावा नेमकं काय करतो?

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या महाधमनीचं ऑपरेशन झालं. त्याआधी सर्जन म्हणाले, "शरीराचं तापमान 20 अंशांच्या आसपास आणू आणि थोडा वेळ रक्ताभिसरण थांबवू." माझ्या पोटात गोळाच आला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मनाची समजूत घातली, की लॅपटॉप स्लीप मोडवर टाकतात तसंच हे असणार. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं.

बरोबर असलेलं अर्धं उत्तर
मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे 20 टक्के वापरतो. शिवाय त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतोच. रक्त थांबलं की काही मिनिटांत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपतं. तापमान 1 अंशाने उतरलं की मेंदूची ही गरज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते. म्हणून सर्जनला जास्त वेळ मिळतो.

इंधन संपल्यावर काय होतं?
चेतापेशीच्या आवरणातले पंप सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवतात. एटीपी नसेल तर ते बंद पडतात. मग ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन पेशीबाहेर साचतं. एरवी ते कामाचंच, पण अति झालं की शेजारच्या पेशींची दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. त्याने जागी झालेली एन्झाइम्स पेशीचीच प्रथिनं आणि आवरण तोडायला लागतात. रक्त पुन्हा सुरू झालं तरी ही तोडफोड लगेच थांबत नाही.

राहिलेलं अर्धं उत्तर
1980च्या दशकात अमेरिकेत मायामी इथे राउल बुस्टो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा 20 मिनिटं अडवून पाहिला. मेंदूचं तापमान 36 अंश असताना ग्लुटामेट सुमारे सात पट वाढलं, 33 अंशांना मात्र ही वाढ रोखली गेली. विशेष म्हणजे, इंधन दोन्ही तापमानांना जवळपास सारखंच संपत होतं. तरी थंड मेंदूतल्या पेशी जास्त वाचल्या. म्हणजे थंडावा फक्त इंधन वाचवत नाही, तर पुढची रासायनिक साखळीही अडवतो.

मग सगळ्यांनाच थंड करायचं का?
नाही. थंडावा आधीपासून असणं आणि नंतर देणं यात फरक आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांवरच्या 2021 सालच्या मोठ्या चाचणीत, नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा 33 अंशांपर्यंत थंड केल्याने जास्त फायदा दिसला नाही.

म्हणून घरात कोणाला पक्षाघाताची लक्षणं दिसली, तर डोक्यावर बर्फ ठेवत बसू नका, 108 ला फोन करा. बाबांना थंड केलं ते रक्त थांबवण्याआधी, यंत्रांच्या देखरेखीखाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चष्मा मागितला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.