दिवाण-इ-आमची कापडी बाजू

इमारतीच्या दर्शनी भागाला कापड लावणं ही अलीकडची कल्पना, असं आम्ही इंजिनिअर मंडळी धरून चालतो. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला दिवाण-इ-आम नीट पाहिला की हा समज टिकत नाही.

१६४८ साली पूर्ण झालेल्या या किल्ल्यातला हा दरबार तीन बाजूंनी उघडा आहे. समोर नऊ कमानी, भिंत नाहीच. मग ऊन आणि धूळ अडवायची कशाने? कापडानेच.

फ्रेंच वैद्य बर्निए १६६० च्या दशकात दिल्लीत होता. औरंगजेबाच्या दरबारातल्या एका उत्सवाचं वर्णन त्याने केलं आहे. दिवाणाला जोडून तंबू उभारला होता, तोही खुद्द दिवाणापेक्षा मोठा, जवळजवळ अर्धं अंगण व्यापणारा. खांब चांदीच्या पत्र्याने मढवलेले. त्यातले तीन गलबताच्या डोलकाठीएवढे जाड. कापड बाहेरून तांबडं, आतून मच्छलीपट्टणमच्या छिटाचं अस्तर. त्यावरची फुलं इतकी जिवंत की बागेत बसल्यासारखं वाटावं. अंगणाभोवतीच्या कमानी उमरावांनी स्वखर्चाने सजवायच्या, असा बादशहाचा हुकूम होता. त्यामुळे त्यांच्यात जरीच्या कापडाची चढाओढ लागली.

यामागचं गणित साधं आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. कापड आणि दोर यांचं नेमकं उलटं. म्हणून दाब खांबांवर, ताण दोरांवरून जमिनीतल्या मेखांवर. खरा शत्रू वजन नव्हे, वारा. तंबूचं शीड व्हायला वेळ लागत नाही. हे काम जाणत्या हातांचं होतं. मोठी बारगाह उभी करायला हजार फर्राशांना आठवडा लागे, अशी नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आहे.

आपण हैदराबादकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मच्छलीपट्टणम तेव्हा कुतुबशाहीचं बंदर होतं. औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला १६८७ मध्ये. इथल्या रंगाऱ्यांचं छीट त्याच्या दरबारात त्याआधीच पोचलं होतं.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढलं, त्यावर आपण मराठी माणसं अजून वाद घालतो. चांदीचा हिशेब राहतो. कापड कुजलं, फाटलं, कुणी विचारलंही नाही. आज दिसतो तो दिवाण-इ-आम म्हणजे अर्धीच इमारत आहे.

म्हणून एक विनंती. जुन्या देवडीची किंवा वाड्याची दुरुस्ती निघाली की कमानीवरच्या कड्या, आकडे, खुंट्या ‘बिनकामाच्या’ म्हणून आधी उपटल्या जातात. उपटण्यापूर्वी त्यांची जागा मोजा, नकाशावर मांडा, फोटो काढा. गेलेल्या कापडाचा पुरावा बहुतेक वेळा तेवढाच उरलेला असतो.