कौटिलीय अर्थशास्त्रांतील लहान कारागिराचा भरवसा

म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून वाचकांचें लक्ष सहसा मंडल व षाड्गुण्य यांकडेच जातें. परंतु चौथ्या अधिकरणाचे पहिले दोन अध्याय कारागीर व वाणी यांच्याविषयीं आहेत. माल महागला आणि माणूस मिळेनासें झालें, तर लहान धंदेवाल्यानें कोणाच्या भरवशावर राहावें, हा आजच्या पेठेंतला प्रश्न तेथेंही भेटतो.

विणकामाची मजुरी सुताच्या मोलाइतकी, क्षौम व कौशेय यांस दीडपट, दुकूल व कंबल यांस दुप्पट, असा नियम आहे. अर्थात् सूत महागलें कीं मजुरीही चढली. विणकराचें बरें झालें; पण कापड विणवून घेणाऱ्यावर एकाच महागाईचा भार दोनदां पडला. विक्रींत तो भार काढावा, तर स्वदेशी मालावर मान्य खरेदीमोलाच्या शेंकडा ५ इतकाच नफा; परदेशी मालावर १०. भांडवल, जकात, व्याज व भाडें धरून भाव ठरवावा असें म्हटलें आहे खरें, पण तें दूर देशच्या व दीर्घ काळाच्या मालाविषयीं!

वेतन घेऊन काम न करणाऱ्या मजुरास १२ पण दंड. आजारी व संकटग्रस्त यांस सूट. दंडानें पळालेला मजूर फार तर परत येईल, नवा कसा मिळावा? राजाचा सूत्राध्यक्ष हें ओळखून होता. उंची वस्त्रें विणणाऱ्यांस गंध, माला व देणग्या देऊन त्यानें संतुष्ट ठेवावें, अशी त्यास आज्ञा आहे. लहान कारखानदारानें त्या माला कोठून आणाव्या? कारागिरांनीं एकजूट करून व्यवहार अडविल्यास दंड तर १००० पण.

माझ्या मतें खरा आधार होता तो श्रेणीचा. कारागिरानें ठेव घ्यावी ती श्रेणीच्या प्रमाणावर, आणि त्याजवर विपत्ति आल्यास ती ठेव श्रेणीनें सोसावी, असें तेथें कलम आहे. हें केवळ पोथींतलें नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील कोष्टयांच्या एका निकायाकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें, आणि दुसऱ्याकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्यानें कायमचे ठेविले. २००० च्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावयाचे होते.