सिगारेटच्या पाकिटातली चित्रे आणि ती घडवणारे हात

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा ७२ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला. रुंदी जेमतेम दीड इंच, उंची अडीच इंचांहून थोडी जास्त. त्यावर होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचा चेहरा आहे. शंभर वर्षांपूर्वी हे कार्ड सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळत असे. वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली आणि आज त्याच्या साठेक प्रतीच शिल्लक असल्याचे मानले जाते. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटत नव्हते, असे काही जण म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून तो अडला, असे दुसरे म्हणतात.

किमतीच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. पण एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो चेहरा टिपला कोणी आणि दगडावर उतरवला कोणी?

या कार्डांची सुरुवात पाकिटातूनच झाली. कागदी पाकीट चेपून आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत एक पुठ्ठा घालत. मग त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत खेळाडूंची खरी छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. यातली बरीचशी ब्रुकलिनच्या जोसेफ हॉल यांच्या स्टुडिओत काढलेली होती. त्या काळी धावता खेळाडू टिपणे कॅमेऱ्याला अवघड होते. म्हणून मागे रंगवलेला पडदा लावायचा, चेंडू दोऱ्याने वरून टांगायचा आणि खेळाडूने तो झेलत असल्यासारखे स्तब्ध उभे राहायचे. काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो.

छायाचित्र खरे, पण एकरंगी. रंग हवा तर शिळाछापाकडे वळावे लागे. वाचकहो, उर्दू वाचणाऱ्या घरांना ही विद्या परकी नाही. आपल्या जुन्या उर्दू-फारसी किताबी दगडावरच छापल्या जात. नस्तालिक लिपीचे वळण शिशाच्या खिळ्यांत नीट बसेना, म्हणून कातिब खळ लावलेल्या खास कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा आणि तो दाबाने दगडावर उतरवला जायचा. दगडावर राहिलेली चूक संगसाज उलट्या अक्षरांत दुरुस्त करायचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अशा छपाईचे मोठे केंद्र होते आणि इथल्या फारसी किताबी इराणपर्यंत जात.

बव्हेरियातल्या अलॉइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या तंत्राचे मूळ अगदी साधे आहे. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त रेघेला धरते, ओली जागा तिला झिडकारते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पिवळा, तांबडा, निळा, तपकिरी, काळा असे एकावर एक ठसे पडत जातात आणि एकही ठसा केसभर सरकला तर ओठांचा रंग गालावर जातो.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने जो मोठा संच काढला, तो आज संग्राहकांमध्ये ‘टी-२०६’ नावाने ओळखला जातो. वॅग्नरचे कार्ड यातलेच. संचात पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे आहेत आणि मागच्या बाजूला सोळा सिगारेट-तंबाखूंच्या जाहिराती. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. तिथल्या चित्रकारापुढे काळे-पांढरे छायाचित्र ठेवलेले असे. त्याने ठिपक्या-ठिपक्यांनी चेहरा उभा करायचा, गालावर लाली चढवायची, मागे नारिंगी किंवा हिरवे आकाश भरायचे. खेळाडूने संघ बदलला तर चित्रही बदलावे लागे. रे डेमिट न्यूयॉर्कहून सेंट लुईसला गेला, तेव्हा त्याच्या कार्डाची नवी आवृत्ती निघाली. शेरी मगी या खेळाडूच्या आडनावाचे स्पेलिंग आधी चुकले, मग दुरुस्त झाले. आज त्या चुकलेल्या कार्डाला दुरुस्त कार्डापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. शाळेत शुद्धलेखनाच्या चुकीला मात्र एवढा भाव कुणी देत नाही!

मूळ छायाचित्रे टिपणाऱ्यांची काही नावे आपल्याला ठाऊक आहेत. वॅग्नरचा तो प्रसिद्ध चेहरा बोस्टनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या कार्ल हॉर्नर यांनी टिपला. स्वीडनमध्ये जन्मलेल्या या माणसाने साध्या पार्श्वभूमीवर, शांत उजेडात खेळाडूंचे चेहरे टिपले आणि संचातली अनेक चित्रे त्यांवरून तयार झाली. न्यूयॉर्कच्या पॉल थॉम्प्सन यांची छायाचित्रे १९११ च्या सोनेरी कडांच्या कार्डांसाठी वापरली गेली. चार्ल्स कॉनलन तर एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. १९०४ च्या सुमारास एका सहकारी संपादकाने त्यांना मैदानावर जाण्याचा आग्रह केला. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन ते जात. १९१० च्या सुमारास त्यांनी टाय कॉब हा खेळाडू धूळ उडवत तिसऱ्या बेसवर घसरत येतो तो क्षण टिपला. आपण बटण दाबले की नाही, हे प्लेट धुवेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते.

मग चित्र कोणाचे? छायाचित्रकाराचे, दगडावर रेखाटणाऱ्याचे, की छापणाऱ्या कंपनीचे? हा प्रश्न त्या काळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नेपोलियन सॅरोनी यांनी ऑस्कर वाइल्ड या लेखकाचे छायाचित्र काढले आणि एका शिळाछाप कंपनीने परवानगी न घेता त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. कंपनीचे म्हणणे असे की, छायाचित्र यंत्र काढते, त्याला लेखक कसला? १८८४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की बैठक, पोशाख, उजेड ठरवणारा छायाचित्रकार हाच त्या चित्राचा कर्ता. गंमत म्हणजे सॅरोनी स्वतः आधी शिळाछापाच्याच धंद्यात होते. पुढे १९०३ मध्ये सर्कशीच्या छापील जाहिरातींच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, चित्र जाहिरातीसाठी असले म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. मात्र तो हक्क मिळाला कंपनीला. ज्या नोकरदार चित्रकारांनी जाहिराती रेखाटल्या, त्यांच्या हाती पगारच राहिला.

टी-२०६ चेही तसेच झाले. खेळाडूचे नाव पुढे, सिगारेटचे नाव मागे. छायाचित्रकार शोधून सापडतो. दगडावर रेखाटणाऱ्या कारागिरांची सही मात्र कार्डावर नाही. आज लाखो डॉलर मोजणारा गिऱ्हाईक ज्या रंगांवर भाळतो, ते रंग ज्यांनी भरले तेच अनाम राहिले.

ही कार्डे जपली गेली, त्याचे मोठे श्रेय जेफरसन बर्डिक यांना जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा हा साधा कामगार, संधिवाताने बोटे वाकडी झालेली. इतरांनी फेकून दिलेले कागद तो गोळा करी. टी-२०६ हे नावही त्याच्याच सूचीतले. तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डांसह आपला सगळा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. संग्रहालयात बसून वर्षानुवर्षे एकेक कार्ड त्याने वह्यांत चिकटवले आणि काम पुरे झाल्यावर काही आठवड्यांतच, १९६३ मध्ये, तो वारला. म्युझियमने ही कार्डे मुद्रितचित्रांच्या विभागात ठेवली, म्हणजे थोर चित्रकारांच्या ठशांच्या शेजारी. त्या अनाम कारागिरांना उशिरा का होईना, ही दाद मिळाली.

आपल्याकडच्या शिळाछाप किताबींत निदान कातिबचे नाव अनेकदा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत सापडते. मजकूर त्याचा नव्हता, पण अक्षर त्याचे होते आणि त्या अक्षराची जबाबदारी तो नावानिशी घेत असे. संगसाजाचे नाव मात्र तिथेही शोधावेच लागते. घरात आजोबांच्या पेटीत अशी एखादी किताब असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. शेवटचे पान उघडा, नाव वाचा आणि मुलांकडून वहीत उतरवून घ्या. पुस्तक कोणी लिहिले हे आपण मुलांना विचारतोच. ते घडवले कोणी, हेही विचारायला हवे.