उणकलचे तळे आणि हुबळीची तहान

हुबळीहून धारवाडच्या रस्त्याने निघाले की तीन मैलांच्या आतबाहेर उणकल लागते. गाव जुने आहे. तेथील चंद्रमौळेश्वराचे मंदिर चालुक्यकालीन असून त्यातील चतुर्मुख लिंग पाहण्यासाठी जाणकार मुद्दाम वाट वाकडी करून येतात. सामान्य प्रवाशाला मात्र उणकल म्हटले की आठवते ते तळे. सुमारे दोनशे एकरांचा हा जलाशय, त्याच्या काठची बाग आणि मध्यभागी उभा असलेला स्वामी विवेकानंदांचा पुतळा हे हुबळीकरांचे संध्याकाळचे विश्रांतिस्थान होय. तळ्यावरून परतणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, शोभेचा मानला जाणारा हा जलाशय कधीकाळी साऱ्या हुबळी शहराची तहान भागवीत होता.

हुबळी आणि धारवाड या दोन्ही शहरांना नदी नाही. ज्या प्रदेशात ती वसली आहेत तो मुळी पाणलोटाचा माथा आहे. धारवाडच्या सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला पश्चिमेस वळून अरबी समुद्राची वाट धरते. तर जिल्ह्याच्या पूर्वभागातील बेण्णीहळ्ळ मलप्रभेस मिळते आणि मलप्रभेचे पाणी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. पाऊस तीस इंचांच्या आसपास, म्हणजे अगदीच तुटपुंजा नव्हे; परंतु माथ्यावर पडलेले पाणी माथ्यावर राहत नाही. म्हणून या मुलखातील पूर्वजांनी जागोजागी बांध घालून केरे, म्हणजे तळी, निर्माण केली. धारवाड जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून पूर्वीपासून ओळखला जातो. गावापुरते हे गणित बरोबर होते. गावाचे शहर झाले तेव्हा ते चुकू लागले.

हुबळीचा उत्कर्ष कापसाच्या व्यापारावर झाला. मराठी वाचकास या शहराचे नाव परिचित असते ते १६७३ च्या स्वारीमुळे. शिवछत्रपतींच्या फौजेने त्या वर्षी हुबळीची पेठ लुटली आणि तेथील इंग्रजांच्या वखारीची हानी झाली. भरपाईचा तो तंटा पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. पेठ लुटण्याजोगी होती, हाच तिच्या समृद्धीचा पुरावा म्हणावयास हरकत नाही. पुढे जुनी हुबळी व नवी हुबळी असे दोन भाग झाले. पेशवाईच्या अखेरीस नव्या हुबळीवर सांगलीकर पटवर्धनांचा अंमल होता आणि १८२० मध्ये तो प्रदेश कंपनी सरकारकडे गेला. १८५५ मध्ये हुबळीस नगरपालिका स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते.

तथापि हुबळीचे खरे रूपांतर केले ते रेल्वेने, आणि ती रेल्वे आली दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात या भागातील माणसे अन्नावाचून मेली. धान्य दुसरीकडे होते, पण ते आणावयास वाहन नव्हते. पुन्हा तशी वेळ येऊ नये या हेतूने सदर्न मराठा रेल्वे उभारण्यात आली आणि तिचा मोठा कारखाना हुबळीस निघाला. लोहार, सुतार, फिटर, कारकून अशी नाना प्रांतांची व भाषांची माणसे शहरात आली. १८८१ च्या खानेसुमारीत हुबळीची वस्ती ३६,६७७ होती; १९०१ मध्ये ती ६०,२१४ झाली. वीस वर्षांत शहर जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढले. विहिरी मात्र त्याच होत्या.

याच गरजेतून उणकलचे पाणी हुबळीस आले. तळे शहराच्या वरच्या अंगास असल्याने तेथील पाण्याचा उतार आपोआपच हुबळीकडे आहे. या तळ्याच्या आखणीचे श्रेय विश्वेश्वरय्यांना देण्याचा हुबळीत प्रघात आहे. ते १८८४ ते १९०८ या काळात मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात होते, तेव्हा काळ जुळतो. अर्थात आपल्याकडे प्रत्येक चांगल्या बांधाला एखादे थोर नाव चिकटावे, ही लोकांची हौसही विसरून चालत नाही. श्रेय कोणाचेही असो, नळाच्या पाण्याची सवय हुबळीस उणकलने लावली.

तो काळ सुखाचा मात्र नव्हता. १८९८ मध्ये प्लेगने हुबळीत हाहाकार उडविला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून काय घडले ते सर्वश्रुत आहे. हुबळीने वेगळा मार्ग धरला. हाफकिन यांनी शोधलेली लस तेव्हा नवी होती आणि तिच्याविषयी चोहीकडे संशय होता. तरीही लॉयमान नावाचे शल्यचिकित्सक आणि कॉर्थॉर्न नावाच्या स्त्री डॉक्टर यांच्या प्रयत्नाने काही महिन्यांत तीस हजारांहून अधिक लोकांनी हुबळीत ती टोचून घेतली. इतक्या मोठ्या प्रमाणावर एका शहराने लस घेतल्याचे ते जगातील आरंभीचे उदाहरण आहे. शेजारी टोचून घेऊन वाचतो, हे डोळ्यांनी दिसले तेव्हाच लोक पुढे आले. हुबळीच्या लोकस्वभावाची ही खूण पुढील काळातही दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यास उणकल अपुरे पडू लागले. १९५५ च्या सुमारास कलघटगीच्या बाजूस नीरसागर हा जलाशय तयार झाला आणि तेथून हुबळीस पाणी मिळू लागले. वर्षभरातच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६२ मध्ये हुबळी व धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली. वीस किलोमीटर अंतरावरील, एक व्यापाऱ्यांचे व एक विद्येचे, अशी दोन शहरे एका कारभाराखाली आली आणि त्यांची तहानही एक झाली. नीरसागरही पुरेना, तेव्हा दृष्टी गेली ती सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभेवर बांधलेल्या धरणाकडे. तेथून पाणी उचलून, अम्मिनभावी येथे शुद्ध करून, चाळीस-पन्नास किलोमीटरची वाट चालवून ते या जुळ्या शहरांत आणले गेले.

या पाण्यावर शेतकऱ्यांचाही हक्क होता. धरण मुख्यत्वे शेतीसाठी होते. १९८० मध्ये नवलगुंद व नरगुंद येथे मलप्रभेच्या लाभक्षेत्रातील कर व पाणी यांवरून शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. मलप्रभेतच पाणी कमी पडते म्हणून तिच्या उगमाजवळ, खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या परिसरात, म्हादईचे पाणी कळसा-बंडुरा नाल्यांतून तिकडे वळविण्याची योजना पुढे आली. त्यातून गोव्याशी जो वाद उद्भवला तो गोमंतकीय वाचकास सांगावयास नको. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला आणि कर्नाटकास मलप्रभेत वळविण्यासाठी ३.९ अब्ज घनफूट पाणी मान्य केले. निवाड्यावर समाधान कोणत्याच पक्षाचे झाले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. उणकलच्या तीन मैलांपासून सुरू झालेला हुबळीचा पाण्याचा शोध असा सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत येऊन ठेपला.

इतक्या लांबून आणलेले पाणी घराच्या नळापर्यंत कसे पोचत होते? एकविसाव्या शतकाच्या आरंभी हुबळी-धारवाडच्या बहुतेक भागांत पाणी चार-पाच दिवसांआड, आणि कोठे कोठे आठवड्याने येत असे. तेही काही तास. सारे शहर एकाच वेळी भिजविता येईल इतका दाब नळांत नव्हता. म्हणून वस्त्यांचे लहान लहान भाग पाडले होते आणि वॉल्व्हमन नावाचा कामगार हातात लोखंडी किल्ली घेऊन एका भागाची झडप बंद करी व दुसऱ्याची उघडी. या माणसाच्या हाती प्रत्यक्ष सत्ता होती. महापौर कोण हे ठाऊक नसलेल्या गृहिणीला आपल्या गल्लीचा वॉल्व्हमन मात्र ठाऊक असे.

यात आणखी एक अडचण जमिनीची. हुबळीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्या पोटातील नळ या ओढाताणीत फुटतात. नळात पाणी दाबाने वाहत असते तोवर फुटक्या सांध्यातून ते बाहेर झिरपते, एवढीच हानी. पण पाणी बंद झाले आणि नळ रिकामा झाला, की बाहेरची घाण त्याच भेगेतून आत ओढली जाते. पुढच्या पाळीस प्रथम येते ते हेच पाणी. गढूळ पहिले पाणी सोडून द्यावे, मग घागर लावावी, हा बायकांचा नियम शास्त्राने पुढे खरा ठरविला. बायकांनी तो शास्त्रापूर्वीच अनुभवाने बसविला होता.

ज्यांना शक्य होते त्यांनी अंगणात जमिनीखाली हौद बांधले, पंप बसविले, गच्चीवर टाक्या ठेवल्या. त्यांना आठ दिवसांचा खंड जाणवत नसे. ज्यांची खोली दहा बाय दहाची, त्यांच्याकडे पिंप, हंडे आणि कोड. पाण्याच्या दिवशी घरातील एक माणूस कामावर जात नसे. बहुधा ती स्त्री असे. पाणी केव्हा येईल ते निश्चित नसल्याने कधी अर्धा दिवस, कधी सारी रात्र जागावे लागे. “नीरु बंतु” अशी हाक गल्लीत उठली, की झोपलेले घर जागे होई. ज्याच्या घरी कोणी नाही त्याची भांडी शेजारीण भरून ठेवी. ही देवाणघेवाण कोणत्याही पाणीयोजनेच्या हिशेबात येत नाही. परंतु तिच्याविना ती योजना आठवडाभरही चालली नसती. २०११ च्या सुमारास नेक्स्टड्रॉप नावाच्या एका उपक्रमाने वॉल्व्हमनकडून झडप उघडण्याची वेळ समजून घेऊन ती लोकांच्या मोबाईलवर संदेशाने कळविण्यास प्रारंभ केला. त्याने पाणी वाढले नाही. वाट पाहण्याचे तास मात्र काही घरांचे वाचले.

त्याआधी मूळ दुखण्यावरच उपाय करून पाहिला गेला. जागतिक बँकेच्या कर्जातून बेळगाव, गुलबर्गा व हुबळी-धारवाड येथील निवडक भागांत जुने नळ उपटून नवे टाकण्यात आले, घरोघर मीटर बसले, आणि २००८ पासून तेथे चोवीस तास पाणी वाहू लागले. हुबळी-धारवाडच्या ६७ प्रभागांपैकी ८ प्रभागांत हे घडले. खाजगी परदेशी कंपनीकडे काम दिल्यावरून टीका झाली, पाणीपट्टी वाढेल अशी भीती व्यक्त झाली. मुख्य आक्षेप होता तो निराळाच. पलीकडच्या गल्लीत रात्रंदिवस नळ वाहतो आणि अलीकडच्या गल्लीत पाचव्या दिवशी, हे शेजारधर्माला पटणारे नव्हते. हा आक्षेप रास्त होता. सर्वांना थोडे द्यावयाचे की काहींना पुरे देऊन मार्ग दाखवावयाचा, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही.

पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी येथील सुमारे चार हजार घरांची पाहणी केली. लहान मुलांतील सर्वसाधारण अतिसारात दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. मात्र अखंड पाणी मिळणाऱ्या भागात विषमज्वर झालेली घरे कमी निघाली, आणि गरीब कुटुंबांतील लहान मुलांत रक्तातिसाराचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे लाभ झाला तो ज्यांच्या अंगणात हौद नव्हता त्यांच्याच मुलांना अधिक. हीच व्यवस्था साऱ्या शहरात नेण्याची योजना त्यानंतर मंजूर झाली. २०११ च्या खानेसुमारीत जुळ्या शहरांची वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास भरली होती. एवढ्या शहराचे नळ बदलणे हे वर्षा-दोन वर्षांचे काम नव्हे.

या साऱ्या काळात उणकलचे काय झाले? पाणी दूरवरून येऊ लागल्यावर जवळच्या तळ्याकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही. वस्ती वाढत वाढत काठापर्यंत आली, सांडपाणी तळ्यात उतरू लागले, आणि सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीने वेळोवेळी सारा पृष्ठभाग झाकून टाकला. ती काढण्याच्या मोहिमा निघाल्या, बाग सुधारली, नौका आल्या. २०२० मध्ये रीतसर सुरू झालेल्या हुबळी-धारवाड जलद बसमार्गाचा एक थांबाही तळ्याच्या नावाचा आहे. तळ्यातून निघून हुबळीच्या मध्यातून वाहणाऱ्या नाल्याची तर त्याहून दैना झाली. लोक त्यास ओढा म्हणावयाचेही विसरून गटार म्हणू लागले. पुढे या उणकल नाल्याच्या काठाने पायी व सायकलने जाण्याचा हरित मार्ग करण्याची योजना हाती घेण्यात आली.

२०१६-१७ च्या अवर्षणात नीरसागर कोरडा पडला. त्याच्या तळाची भेगाळलेली माती पाहून जुन्या माणसांनी कपाळाला हात लावला, आणि शहराचा सारा भार मलप्रभेवर आला. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पावसाने कहर केला. उणकलचे तळे काठोकाठ भरून सांडले. ते पाणी नाल्याने, आपल्या जुन्या उताराने, हुबळीच्या सखल वस्त्यांत शिरले. आणि आठवड्याच्या पाण्यासाठी जेथे पिंपे भरून ठेवावी लागत, त्या शहरातच कित्येक घरांत माणसे कोडांनी पाणी बाहेर उपसीत होती.